शहाण्णव पानावरची चिप्पी

बाबा, परवा तुमच्या नातीनं अकोटहून फोन केला आणि नेमकं तेच विचारलं जे मी तुम्हाला पंचवीस वर्षांपूर्वी विचारलं होतं. "आई, ह्या पुस्तकातल्या बाईचं नाव मधातच कसं काय बदललं?" मी तेव्हा अंगणवाडीतून नुकती आले होते आणि कूलरसमोर पाय लांब करून बसले होते. दिवसभर मोबाईलमध्ये पोरांची वजनं आणि उंच्या भरून बोटं दुखत होती. पंधरा दिवस तिचा फोन नव्हता, आणि आला तो हा प्रश्न घेऊन. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, तुम्हीच दिलेलं. पण ते तोंडातून निघालं नाही. "उद्या सांगते" म्हणून मी फोन ठेवला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं होत आली. तुम्ही होता तेव्हाही मी तुम्हाला कधी एक साधं कार्ड टाकलं नाही. अमरावतीहून अकोल्याला निरोप पाठवायचा तो कोणी जाणारा असला तर त्याच्याजवळ. तेव्हा हे पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं.

तुम्ही तिला नऊ-दहा वर्षांची पाहिली होती. आता ती बत्तीस वर्षांची आहे. जावई गेले त्याला सव्वा वर्ष झालं. छत्तिसाव्या वर्षी, चालता-बोलता माणूस, दुकान उघडायला गेला आणि शटरपाशीच बसला. पाच वर्षांची पोर आहे. सासू-सासरे चांगले आहेत, आणि अवघड तेच आहे. वाईट असते तर ती कधीच उठून आली असती. ती त्या घरात सकाळी भाकरी करते, पोरीला शाळेत सोडते, येते आणि बसते. लग्नाआधी तिला नर्सिंगला जायचं होतं. बारावी झाली होती, मार्क होते, पण स्थळ आलं आणि मीही घाई केली. आता इथं अमरावतीत तिला प्रवेश मिळू शकतो, मी चौकशी केली. वयाची अट आहे, हे शेवटचंच वर्ष धरा. फॉर्मची तारीख सोमवारी संपते. मी दोनदा अकोटला जाऊन आले. पहिल्यांदा सांगितलं. "आता काय करायचं आहे, आई" एवढंच म्हणाली. दुसऱ्यांदा मी काही बोलले नाही. पिशवीतून तुमचं ते लाल पाठीचं पुस्तक काढलं, तिच्या उशाशी ठेवलं आणि वलगावमार्गे परतीच्या एस.टी.त बसले. बोलता आलं नाही की पुस्तक ठेवून निघून यायचं, ही रीत तुमचीच.

तुमचं दुकान मला अजून वासानं आठवतं. मोर्णा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात, दोन माणसं बसली की भरणारी ती जागा. तहसीलची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, कोणाची पोथी, कोणाचा खटल्याचा गठ्ठा. मैद्याची खळ उकळायला लागली की तुम्ही चिमटीनं मोरचूद टाकता. खळीला हिरवट-निळी झाक येते, आणि तुम्ही दर वेळी तेच सांगता, "हे टाकलं ना पोरी, का शंभर वर्षं कसर लागत नाही. माणसं खपतीन, जिल्द खपत नाही." मी शाळेतून आले की पोत्यावर बसते. तुम्ही हाडाच्या पट्टीनं घड्या दाबता, टोच्यानं भोकं पाडता, मेण लावलेला दोरा ओढता. सोळा पानांची एक घडी, तिला तुम्ही फर्मा म्हणत होता, आणि पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, एक, दोन, तीन. तुम्ही सगळ्यांना सांगायचे, "आपल्याले काय वाचता येते? फर्म्याचा आकडा वाचता आला का जिल्दवाल्याचं भागलं." मी ते खरं धरलं. पुढं कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले, बाबा पुस्तकं बांधायचे पण त्यांना वाचता येत नव्हतं.

ती जपानी माणसांची चरित्रं त्या काळातली. कुठल्याशा वाचनालयानं काढून टाकलेलं पोतंभर रद्दीत आलं होतं. बरीचशी उधईनं खाल्लेली. सगळी एकाच मालिकेतली, एकाच मापाची, एकाच कागदाची, एकाच ठशाची. तुम्ही ती रद्दीला जाऊ दिली नाहीत. "बुद्धाचा देश हाये तो," एवढंच म्हणालात आणि पोतं आत ओढलंत. एक घड्याळं दुरुस्त करणारा होता. एक पूल बांधणारा होता, त्याचा पहिला पूल वाहून जातो. एक कागद करणारा म्हातारा होता, तो तुम्हाला सगळ्यात आवडायचा. बहुतेकांना शेवट नव्हता. मी तुम्हाला काम करताना वाचून दाखवायची आणि पानं संपली की विचारायची, पुढं काय झालं? तुम्ही दोरा दातानं तोडून सांगायचे. पूलवाल्यानं दुसरा पूल बांधला, त्यावरून पहिल्यांदा त्याची माय गेली. हे तुम्ही कुठून आणत होता, मी कधी विचारलं नाही. आठवीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केली. माय आजारी होती, घरात बाईमाणूस हवं होतं. मी रडले नाही. पोतं घरात आणून ठेवलंत, आणि पुढं लग्न होईपर्यंत मी जे काय शिकले ते त्या अर्ध्या पुस्तकांतून.

अठराव्या वर्षी अमरावतीला आले. इथं सगळ्यांनी मिळून माझं नाव बदललं, मायचंही असंच बदललं होतं. हे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. शांत माणूस. मी वाचत बसले की दिवा माझ्या बाजूला सरकवायचे, स्वतः काही वाचत नव्हते. कावीळ झाली ती अंगावर काढली, आणि पावसाळा संपायच्या आत गेले. मी तेहतीस वर्षांची होते. तुम्ही पुण्यानुमोदनाला आलात, कोपऱ्यात बसलात, गेलात. मला वाटलं काही म्हणाल. नंतर दीड महिन्यानं पुन्हा आलात. पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून, कागदात गुंडाळलेलं पुस्तक बगलेत धरून. मी तोवर उंबऱ्याबाहेर गेले नव्हते. तुम्ही काळा चहा प्यालात, पोरीच्या हातावर गोळी ठेवलीत आणि म्हणालात, "थे जपानचं एक पुरं झालं. वाच." आणि निघालात. तहसीलच्या रजिस्टरांना लावता तेच लाल कापड, कोपरे नीट बसवलेले. इतकी निगुतीची जिल्द तुम्ही कोणाला करून दिलेली मी पाहिली नव्हती.

मी ते दोन दिवसांत वाचलं. कापड रंगवणारी बाई. नवरा-बायको दोघं मिळून निळीचे हौद चालवतात, हात कोपरापर्यंत निळे, धुतले तरी जात नाहीत. मग नवरा जातो. एकोणपन्नास दिवस ती दाराबाहेर पडत नाही. शहाण्णव पान तिथं संपतं. आणि सत्त्याण्णव पानावर ती सकाळी पायातलं काढून शाळेच्या पडवीत उभी आहे, वर्गात सगळ्या तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान पोरी. पुढं ती सुईणीचं शास्त्र शिकते, गावोगाव फिरून बायांना शिकवते, म्हातारी होते. फक्त सत्त्याण्णवपासून तिचं नाव दुसरं आहे. गावही दुसरं. आधीच्या मायचा, भावाचा, निळीचा पुढं एका शब्दानं उल्लेख नाही. आता सांगा, माझ्यासारखीनं याचा अर्थ काय लावायचा? बाईचं नाव बदललं, गाव बदललं, मागचं माणूस कोणी राहिलं नाही. आपल्याकडे हे एकाच गोष्टीनं होतं. तिनं दुसरं लग्न केलं, आणि लिहिणाऱ्यानं लाजेनं ते गाळलं, असं मी धरून चालले. आणि मग माझ्या डोक्यात आलं की माझ्या बापानं हेच सांगायला पुस्तक आणलं. दीड महिना झाला नाही. यांचे डबे अजून धुऊन फळीवर पालथे होते.

पुढच्या रविवारी तुम्ही आलात तेव्हा मी दारातच विचारलं. "बाबा, हिचं नाव काहून बदललं मधात?" तुम्ही चप्पल काढत होता. वर न पाहता म्हणालात, "नाव बदलल्यानं बाई बदलते का वं? लग्नात तुह्यं बदललं, तवा तू दुसरी झाली का?" मी म्हटलं, "मंग लग्नच झालं ना तिचं." तुम्ही एका पायातली चप्पल काढलीत. मी म्हणाले, "माह्या घरी असलं पुस्तक आणू नका." माझी सासू आतून ऐकत होती. तुम्ही एक पाय चपलेत, एक बाहेर, असे थोडा वेळ उभे राहिलात. मग म्हणालात, "ध्यान देऊन वाच, पोरी. घाईत नको वाचू." हे बोलणं मला टाकून बोलल्यासारखं लागलं. तुम्ही पाणीही न घेता परत गेलात. त्या वर्षी मी दिवाळीला अकोल्याला आले नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीलाही आले नाही. माय तर आधीच गेलेली, तुम्ही एकटेच होता, हे मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात एकदा रद्दीवाला दारात आला. मी ते पुस्तक त्याच्या गठ्ठ्यावर ठेवायला काढलं, आणि देण्याआधी उगीच उघडलं. शहाण्णव पानाच्या तळाशी एक चिप्पी होती, दोन ओळी झाकेल एवढी, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या कागदाच्या रंगाची केलेली. आधी मी तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. जुन्या पुस्तकाला चिप्प्या असतातच. पण मी जिल्दवाल्याची पोर. चिप्पी लावतात ती फाटल्या जागेवर. मी पान उलटून मागून पाहिलं. पान फाटलेलं नव्हतं. रद्दीवाल्याला जा म्हटलं, कापूस भिजवून आणला आणि तुम्ही करायचे तशी कडेकडेनं ओल देत चिप्पी सोडवली. खाली हिरवट झाक होती तुमच्या खळीची. आणि छापलेल्या दोन ओळी: "यानंतर तिने पुन्हा कधी रंगाला हात लावला नाही. उरलेली तेवीस वर्षे ती". तिथं पान संपतं. पुढचा फर्मा उधईनं खाल्लेला असणार. सहा फर्मे एका बाईचे, सातव्यापासून दुसरीचे. दोन बाया. एक उठली नाही. दुसरीचं लग्न कधी झालं का, नवरा होता का, कोणास ठाऊक.

दुसरं लग्न कुठंच नव्हतं. होती ती शाळेची पडवी. आणि चुकून आकडे जुळले म्हणून बांधलं, असंही म्हणता येईना, कारण चुकून बांधणारा नेमक्या त्याच दोन ओळींवर कागद चिकटवत नाही. म्हणजे तुम्ही वाचलं होतं. शहाण्णवही, सत्त्याण्णवही, आणि बहुतेक त्या पोत्यातलं सगळंच. आठवीत शाळा सोडवलेल्या पोरीला जे तोंडानं सांगता आलं नाही, ते तुम्ही दोऱ्यानं शिवून आणलंत, आणि मी तुम्हाला दारातून परत पाठवलं. त्या पावसाळ्यात मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी बसून, पोरीच्या पाटीशेजारी पाटी ठेवून दहावी केली. गणितात दोनदा राहिले. तिसऱ्यांदा निघाले. अंगणवाडीत लागले ते त्याच कागदावर.

गुणपत्रिका घेऊन मी अकोल्याला आले तो दिवस. तुम्ही पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होता, खोकला चालूच होता. मी कागद पुढं धरला. तुम्ही हात धोतराला पुसून घेतलेत, कागद हातात घेतलात आणि बराच वेळ पाहत राहिलात. मी तुमच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते ओळीवरून ओळीवर जात होते, खाली आकड्यांवर नुसते थांबले नव्हते. मग तुम्ही विचारलंत, "थे पुस्तक वाचलं का?"

"वाचलं."

"पुरं?"

"पुरं."

"मंग बरं झालं," म्हणालात आणि पुन्हा शिकंज्याकडं वळलात. मी मागं उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. चिप्पी काढली होती, सगळं कळलं, दारात बोलले ते चुकले, एवढी तीन वाक्यं. मी म्हटलं, "चहा करू का?" त्याच थंडीत तुम्ही गेलात.

काल मी तुमच्या नातीला फोन लावला. म्हटलं, पुस्तक जवळ घे, शहाण्णव पान काढ. ती म्हणाली, "आधी एक सांग. तुले असं वाटते का मी दुसरं लग्न करावं? म्हणून दिलं का तू हे? मी पंधरा दिवस तेच डोक्यात घेऊन बसली आहे." मला हसू आलं नाही, बाबा. थकल्यासारखं झालं. एकाच घरात एकच चूक दोनदा, आणि तीही तेवढ्याच निगुतीनं. मी म्हटलं, "पान काढ. खाली चिप्पी आहे. मागून पाह्य, फाटलं आहे का?" नाही म्हणाली. मग कापूस, पाणी, कडेकडेनं, ओढू नको, हे सगळं मी इकडून सांगत गेले. तिकडे नळ सुटल्याचा आवाज, पोरगी विचारते, "मम्मी, काय करून राहिली?" मग तिनं त्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. "उरलेली तेवीस वर्षे ती... आई, ती काय?"

"तिथंच पान संपते."

"म्हणजे ह्या दोन बाया आहेत."

"दोन."

"आजोबानं जोडल्या?"

"हो."

"लबाड होते आजोबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग म्हणाली, "ह्या पहिलीचं पुढचं कुठं मिळल?" मी म्हटलं, कुठं नाही, ती पुस्तकं आता दिसतसुद्धा नाहीत. अकोल्यात, इथं, मी सगळे रद्दीवाले पालथे घातलेत. "मले तिचंच वाचायचं होतं," ती म्हणाली. "तेवीस वर्षं काय केलं असल तिनं, बसून?" तुम्ही असता तर दोरा तोडता तोडता काहीतरी सांगितलं असतं. मग तिनंच विचारलं, "फॉर्मची तारीख कधी म्हणली होती तू?" सोमवार, मी म्हटलं. "बरं," म्हणाली. येते म्हणाली नाही. उद्या सोमवार आहे. अकोटची पहिली गाडी साडेआठच्या आसपास पोचते. मी सुट्टी टाकून ठेवली आहे.

फोन ठेवायच्या आधी ती एक वाक्य बोलली. "आई, तुले हे माहीत होतं का?" मी म्हटलं, "मले कुठून माहीत? मलेही आताच शंका आली." ती म्हणाली, "चिप्पीची एक कड कसरीनं खाल्ली आहे, म्हणून उचकटलेली दिसली असल तुले." मी हो म्हटलं.

तुमच्या खळीला कसर लागत नाही, बाबा. त्या उन्हाळ्यात ओळी वाचून झाल्यावर मी घरातल्या मैद्याची खळ शिजवली आणि ती चिप्पी होती तिथंच पुन्हा लावून टाकली. मला ती एकच बाई हवी होती. मोरचूद घरात नव्हतं. पोरगी तुम्हाला लबाड म्हणाली, आणि तुमचं एकट्याचंच नाव मी पुढं केलं.